सोडलेले मासे, मोजलेले मासे

1946 साली म्हैसूर संस्थानातल्या कबिनी नदीत व्हॅन इंगेन नावाच्या शिकाऱ्याच्या गळाला एक महसीर लागला. वजन 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलो. पाठीवर उंच मदार, नारिंगी पर. कावेरीच्या खोऱ्याबाहेर कुठेही न सापडणारा हा मासा गळ टाकणाऱ्या शौकिनांमध्ये जगभर प्रसिद्ध होता. शास्त्राच्या दफ्तरात मात्र त्याची ओळख 2018 पर्यंत पक्की झालेली नव्हती. आणि ती पक्की झाली तोवर तो नदीतून जवळजवळ संपला होता.

या कथेचा एक धागा आपल्या लोणावळ्यात आहे. तिथल्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने मत्स्यबीज केंद्र उभारलं. धरणं, सुरुंग लावून होणारी मासेमारी आणि विणीच्या वेळी पडणारी जाळी यांमुळे दख्खनचा महसीर झपाट्याने कमी होत होता. 1970च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या पाण्यात पिल्लं वाढवायची हे तंत्र इथे बसवलं. काम मोलाचं होतं, हेतूही निर्मळ. इथली बोटुकली इतर राज्यांनाही दिली गेली आणि कर्नाटकात ती कावेरीत सोडली गेली. महसीर कमी झालेत तर महसीर सोडावेत, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण कावेरीतला महसीर वेगळा होता. लोणावळ्याचा निळसर परांचा महसीर कृष्णेच्या खोऱ्यातला. कर्नल साइक्स यांनी 1839 साली शास्त्राला त्याची ओळख करून दिली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून.

पुढे नेमकं काय झालं, हे कळलं ते वह्यांमुळे. कावेरीकाठच्या गालिबोर इथल्या छावणीत पाहुणे गळ टाकत, मासा तोलत आणि परत पाण्यात सोडत. कुणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती, हे छावणीत नोंदवलं जाई. इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी, कोचीच्या केरळ मत्स्य व समुद्र अभ्यास विद्यापीठाचे राजीव राघवन यांच्या साथीने, 1998 ते 2012 या काळातल्या या नोंदी एकेक करून तपासल्या. 23,620 तासांची गळटाकणी आणि 6,161 महसीर. वरवर पाहता बातमी चांगली होती, कारण तासामागे लागणारे मासे वाढत होते. पण वाढत होते ते निळ्या पराचे. नारिंगी पराचे घटत चालले होते आणि त्यांची लहान पिल्लं गळाला लागेनाशी झाली होती. म्हणजे उरले होते ते म्हातारे. नदीत महसीर दिसत होते, म्हणून नदीतला खरा महसीर मरतोय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग प्रश्न आला तो ओळखीचा. ज्या माशाला शास्त्रीय नावच नाही, त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घालणार कसं? जुनी छायाचित्रं भरपूर होती, अभ्यासाला लागणारे नमुने नव्हते. संशोधकांना हवे ते मासे मिळाले कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीत. खवले मोजले, परांचे काटे मोजले, पराचा बारीक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासला. तेव्हा पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत असलेले नीलेश दहाणूकरही या अभ्यासात होते. केरळातल्या पांबार नदीतून काही वर्षांपूर्वीच नोंदवलेल्या टॉर रेमादेवी या माशाशी नारिंगी पराचा हा महसीर जुळला. 2018 मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी आययूसीएनने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं.

माशांची ही अदलाबदल होण्यात तीन दशकं गेली आणि ती पकडायला पंधरा वर्षांच्या वह्या लागल्या. अशा वह्या आपल्या कोणत्या नदीच्या आहेत? पुण्याच्या माशांची यादी 1942 साली फ्रेझर यांनी केली. पुण्यातल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी नंतर त्याच पाण्यात उतरून कोणते मासे गेले, कोणते बाहेरचे आले हे लिहून ठेवलं, त्यांचे निबंध 2003 मध्ये आले. मला या कामाबद्दल फार आदर आहे. पहाटे भोई बंधूंबरोबर होडीत बसायचं, जाळ्यातला मासा ओल्या हाताने धरून लांबी घ्यायची, आकडा लिहायचा, मासा सोडायचा आणि महिन्याने त्याच डोहावर परत जायचं. यात मथळा होण्यासारखं काही नसतं. अनुदान तीन वर्षांचं, पीएचडी झाली की मुलगा किंवा मुलगी नोकरीच्या शोधात दुसऱ्या गावी, आणि नदीची मोजणी तिथेच थांबते. पुढच्या विद्यार्थ्याला नवा विषय हवा असतो, कारण जुनीच मोजणी पुढे चालवण्याला कुणी पैसे देत नाही. नदीच्या अभ्यासात हेच सगळ्यात मोठं नुकसान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मासे सोडायला मात्र आपल्याकडे दरवर्षी पैसे असतात. कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेतल्या नद्यांचे मासे आपल्या धरणांत सोडले जातात. 1952 साली भारतात आलेला तिलापिया आज उजनीच्या काठी चिलापी म्हणून घराघरात शिजतो. बंदी असलेला थाई मागूर अजून तळ्यांमधून निघतो. धरणाच्या पाण्यावर हजारो भोई कुटुंबं जगतात, आणि धरणाने नदीच मुळात बदललेली असल्यामुळे तिथे मत्स्यबीज सोडण्याला माझा सरसकट विरोध नाही. त्यांच्या ताटातला घास काढून घेऊन संवर्धन होणार नाही. पण धरणाच्या वरच्या अंगाचे ओढे, सह्याद्रीतले डोह, महाडजवळच्या वाळणकोंडीसारखे देवीच्या नावाने राखलेले कोंड यांची गोष्ट निराळी आहे. तिथे अजून मूळचे मासे आहेत. तिथे हौसेने, वाढदिवसानिमित्त किंवा संवर्धनाच्या नावाखाली बाहेरचं बीज सोडणं थांबलंच पाहिजे, मग ते बीज महसीराचं का असेना.

मत्स्यव्यवसाय विभागाने एक नियम करावा. कोणत्याही नदीत बोटुकली सोडण्याआधी त्या पाण्यातल्या माशांची किमान दोन वर्षांची नोंद हवी. ती जवळच्या विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने, तिथल्या मासेमारांना मजुरी देऊन आणि त्यांचं नाव घालून केलेली असावी. मत्स्यबीजावरच्या खर्चातला एक ठरावीक हिस्सा या मोजणीसाठी वेगळा काढावा आणि तो प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेला नसावा. सोडल्यानंतरही मोजणी चालू राहिली पाहिजे, कारण गालिबोरच्या वह्या पाच वर्षांतच बंद झाल्या असत्या, तर त्यांतून कदाचित फक्त मासे वाढल्याचंच दिसलं असतं.