मामांचा परकायाप्रवेश

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला, तो खिशात एक जुने खेळयंत्र घेऊनच. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा हा ‘गेम बॉय’ १९८९ साली बाजारात आला. चार पेन्सिल सेल घातले की हिरवट पडद्यावर चार छटांची सृष्टी उभी राहते. त्यावरचा ‘अव्हेंजिंग स्पिरिट’ हा जॅलेको कंपनीचा १९९२ सालचा खेळ लावून तो म्हणाला, “मामा, यात नायक आधीच मेलेला असतो!”

असतो खरा. गुंडांनी त्याला ठार करून प्रेयसीला पळवलेले. तिचे शास्त्रज्ञ वडील त्याच्या भुतालाच सोडवणुकीला धाडतात. पण भूत लढणार कशाने? शत्रूच्याच अंगात शिरायचे! आमच्या शंकराचार्यांच्या कथेत आचार्य अमरु राजाच्या देहात शिरतात, तेव्हा त्यांचा देह शिष्य राखीत बसतात. या बिचाऱ्याला परतायला देहच नाही. धरलेला देह पडला की लगेच दुसरा गाठायचा. उशीर झाला, शक्ती संपली, की खेळ आटोपला.

कोणाची उडी उंच, कोणाचा मार जबर, कोणी अगदीच नाजूक. ज्या पिस्तुलवाल्याला मी घटकेपूर्वी शिव्या घातल्या, त्याच्या अंगात शिरताच त्याची उडी माझी झाली, त्याला बसलेला फटका मला झोंबू लागला. तो संपला तेव्हा, वाचकहो, मी चक्क हळहळलो.

“मामा, बघताय काय? तो निंजा धरा!” भाचा ओरडला.

तेवढ्यात भुताची शक्ती संपली.