हा स्वभाव नव्हे, हा इतिहास आहे!

२०२४ सालच्या फेब्रुवारी व मार्च या दोन महिन्यांत रशियाने जगाला आपली दोन रूपे दाखविली. १६ फेब्रुवारीस उत्तर ध्रुवाकडील एका तुरुंगात अलेक्सेई नवाल्नी मरण पावले. त्याच सायंकाळपासून अनेक शहरांत लोक फुले घेऊन राजकीय दडपशाहीच्या बळींच्या स्मारकांपाशी जाऊ लागले. पोलिसांनी शेकडो लोकांस पकडले; तरीही १ मार्चला मॉस्कोत त्यांच्या अंत्यविधीस हजारो माणसे रांगा लावून उभी राहिली. यानंतर पंधरवडा उलटतो न उलटतो तोच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि व्लादिमीर पुतिन यांस सुमारे ८७ टक्के मते पडल्याचे जाहीर करण्यात आले. युक्रेनमधील युद्धाला उघड विरोध करणारे बोरिस नादेझ्दिन यांच्या उमेदवारीसाठी सह्या देण्यास लोक जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत तिष्ठत उभे राहिले होते. परंतु त्यांची उमेदवारी मतदानापर्यंत पोहोचूच दिली गेली नाही.

या दोन रूपांपैकी खरा रशिया कोणता? या प्रश्नाला एक उत्तर नेहमीच तयार असते. ‘रशियन माणसाला चाबकाची सवय आहे, झार गेला, स्टालिन आला, स्टालिन गेला, पुतिन आला, त्या जातीला स्वातंत्र्य मानवतच नाही,’ असे आमच्याकडील शहाणेसुरते लोकही मान हलवून सांगत असतात. आम्हांस हे उत्तर साफ अमान्य आहे. ते खोटे आहे एवढ्यासाठीच नव्हे, तर ते क्रेमलिनला हवे तेच आहे म्हणून. ‘आमच्या लोकांना असाच राज्यकर्ता लागतो’ हे वाक्य प्रत्येक हुकूमशहाने आपल्या सिंहासनाखाली पायासारखे घातलेले असते. रशियन माणूस अनियंत्रित सत्ता सहन करतो, याची कारणे त्याच्या रक्तात शोधावयाची नसून त्याच्या आठवणींत शोधावयाची आहेत. ज्या ज्या वेळी त्या देशात स्वातंत्र्याचे दार किलकिले झाले, त्या त्या वेळी त्यातून भाकरी आत येण्याऐवजी वादळ तरी आत आले, नाहीतर कोणीतरी ते दार बाहेरून लावून घेतले. रशियन राजकारणाची किल्ली आमच्या मते या अनुभवात आहे.

प्रारंभी रशियात एकच एक सत्ता होती असे मुळीच नाही. नोव्हगोरोद या व्यापारी नगरीत नागरिकांची ‘वेचे’ नावाची सभा घंटा वाजवून भरत असे आणि नको झालेल्या राजपुत्रास ती घालवूनही देत असे. ११३६ साली तिने तसे केलेही. १२३७ ते १२४० या काळात बातूखानाच्या मंगोल फौजांनी रशियन राज्ये तुडविली. त्या दास्यातूनच रशियनांची गुलाम वृत्ती जन्मली, असे सोपे सूत्र पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु खंडणी नोव्हगोरोदही भरीत होते आणि तरीही तेथील सभा जिवंत होती. फरक पडला तो मॉस्कोमुळे. मंगोल खानाकरिता इतर राजांकडून खंडणी गोळा करण्याचे काम मॉस्कोच्या राजांनी पटकावले. चौदाव्या शतकातील त्यांचा एक राजा इवान, त्याला पडलेले ‘कलिता’ हे नाव, त्याचा अर्थच मुळी पैशाची थैली! या थैलीच्या आणि पुढे तलवारीच्या बळावर मॉस्कोने शेजारी गिळले. १४७८ साली तिसऱ्या इवानने नोव्हगोरोद घेतले, तेव्हा त्याने तेथील सभेची घंटा उतरवून मॉस्कोस नेली. पराभूत नगरीची तिजोरी नेणे समजण्यासारखे आहे. पण घंटा नेणाऱ्याला आपला खरा शत्रू कोण, हे नेमके कळलेले असते.

दुसरी आठवण ‘स्मूता’ची, म्हणजे अंदाधुंदीची. १५९८ साली जुना राजवंश संपला. १६०१ पासून तीन वर्षे भीषण दुष्काळ पडला, गादीवर तोतये चढले आणि १६१० मध्ये पोलिश फौज खुद्द क्रेमलिनमध्ये येऊन बसली. या संकटातून देश वाचविला तो कोणा झारने नव्हे. निझ्नी नोव्हगोरोद येथील मीनिन नावाचा एक मांसविक्रेता आणि पोझार्स्की हा सरदार यांनी लोकवर्गणीवर सैन्य उभारून १६१२ साली मॉस्को मुक्त केले. पुढील वर्षी देशभरच्या प्रतिनिधींच्या सभेने सोळा वर्षांच्या मिखाइल रोमानोव्हला झार निवडले. म्हणजे राजा नसताना प्रजेने राज्य वाचविले. आणि मग दगडापेक्षा वीट मऊ या न्यायाने ते पुन्हा एका हातात देऊन टाकले. यातून धडे दोन निघत होते. लोक आपले रक्षण करू शकतात हा एक; झार नसेल तर देश बुडेल हा दुसरा. राज्यकर्त्यांनी पिढ्यान् पिढ्या पढविला तो दुसराच. २००५ पासून ४ नोव्हेंबर हा दिवस त्या मुक्ततेच्या स्मरणार्थ ‘राष्ट्रीय एकता दिन’ म्हणून पाळला जातो. पण त्यात गौरव होतो तो लोकांच्या कर्तृत्वापेक्षा एकछत्री ऐक्याचाच.

तिसरे कारण समाजरचनेचे आहे. झारने सरदारांस सेवेला जुंपले आणि त्या मोबदल्यात शेतकरी त्यांच्या हवाली केले. १६४९ च्या कायद्याने कूळ जमिनीला कायमचे जखडले गेले. १७२१ साली पीटरने धर्मपीठाचे रूपांतर सरकारी खात्यात केले. १७३० मध्ये काही बड्या सरदारांनी अ‍ॅना या राणीवर लेखी अटी घातल्या, तेव्हा त्या फाडून टाका असा अर्ज घेऊन पुढे आले ते इतर सरदारच! एका झारऐवजी आठ झार नकोत, ही त्यांची भीती. १७६२ साली सरदारांची सक्तीच्या सेवेतून सुटका झाली. परंतु त्या सेवेच्या नावाखाली ज्यांस बांधले होते, ते दोन कोटींहून अधिक भूदास सुटले १८६१ साली, म्हणजे नव्व्याण्णव वर्षांनी. राजा आणि रयत यांच्यामध्ये उभे राहून ‘थांबा’ म्हणू शकेल असे स्वतंत्र धर्मपीठ नाही, बलवान शहरे नाहीत, संघटित व्यापारी वर्ग नाही. अशा समाजात गांजलेला माणूस दाद मागणार कोठे? तो थेट वरच पाहणार. ‘झारबाबा दयाळू आहे, कारभारी वाईट आहेत’ ही श्रद्धा भोळेपणातून आलेली नसून निरुपायातून आलेली आहे. ‘मायबाप सरकार’ म्हणून अर्ज लिहिणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांस ती सहज समजली असती.

तरी दारे उघडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे कोण म्हणेल? १८२५ च्या डिसेंबरात तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राज्यघटनेसाठी बंड केले. पाच जण फासावर गेले. १८६४ साली दुसऱ्या अलेक्झांडरने ज्यूरीची न्यायालये व स्थानिक स्वराज्याच्या ‘झेम्स्त्वो’ संस्था दिल्या. १८८१ मध्ये लोकप्रतिनिधींस सल्लामसलतीत घेण्याच्या एका मर्यादित योजनेस त्याने ज्या दिवशी संमती दिली, त्याच दिवशी क्रांतिकारकांच्या बाँबने त्याचा बळी घेतला आणि ती योजना त्याच्या मुलाने बासनात बांधली. १९०५ च्या जानेवारीत पीटर्सबर्गचे कामगार झारच्या तसबिरी आणि धर्मचित्रे घेऊन गाऱ्हाणे मांडण्यास निघाले. त्यांस गोळ्या मिळाल्या. झारबाबावरील श्रद्धा त्या दिवशी बर्फात रक्ताने माखून पडली. १९०६ ची पहिली दूमा अडीच महिन्यांच्या आत विसर्जित झाली. १९१७ च्या अखेरीस देशाने संविधानसभा निवडली. बोल्शेविकांस त्यात सुमारे चौथा हिस्सा मते पडली. १९१८ च्या जानेवारीत ती सभा एक दिवस भरली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दाराला कुलूप लागले. राज्यकर्त्यांनी द्यावयाचे ते फार उशिरा द्यावे, विरोधकांनी मिळाले ते क्षुद्र मानून उधळावे आणि शेवटी तिसऱ्यानेच दोघांसही गिळावे, असा हा क्रम आहे.

जो तिसरा आला, त्याने तर जुन्या बेड्या नव्या नावाने घातल्या. १९३२ साली सोविएत राज्याने अंतर्गत पासपोर्ट सुरू केले; पण सामुदायिक शेतीवरील शेतकऱ्यांस ते सरसकट देण्याचा निर्णय झाला १९७४ साली. झारशाहीत जमिनीला बांधलेल्या कुळाचा नातू पुन्हा जमिनीलाच बांधला गेला. १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी नोंदींप्रमाणेच सुमारे ६ लाख ८० हजार माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. आणि याच राज्याने हिटलरला धूळही चारली! सुमारे २ कोटी ७० लाख सोविएत नागरिकांच्या प्राणांनी विकत घेतलेल्या त्या विजयात दुःख व अभिमान असे काही एकजीव झाले, की कित्येकांस राज्यसंस्थेचा निषेध हा आपल्या मृत वडिलांचा अपमान वाटू लागला. तरीही १९६८ च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ आठ माणसे लाल चौकात जाऊन बसली होती. आठच, पण ती रशियनच होती.

आणि मग आले १९९१! त्या ऑगस्टमध्ये रणगाड्यांपुढे हजारो मॉस्कोवासी निःशस्त्र उभे राहिले व जुन्या राजवटीचे बंड तीन दिवसांत कोसळले. हीच ती चाबकाची सवय झालेली जात काय? परंतु पुढे काय झाले? १९९२ च्या एका वर्षात किमती सुमारे २६ पटींनी चढल्या; म्हाताऱ्यांची आयुष्यभराची शिल्लक पाचोळ्यासारखी उडाली. १९९३ मध्ये ‘लोकशाहीवादी’ येल्त्सिन यांनी संसदेवरच तोफा डागल्या. राष्ट्राची तेलविहिरींसारखी संपत्ती मूठभर धनिकांच्या घशात गेली. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मधील सुमारे ६४ वर्षांवरून १९९४ मध्ये ५८ वर्षांच्याही खाली आले. १९९८ मध्ये सरकारचे दिवाळे वाजले. ज्याला लोकशाही या शब्दाचा अर्थ उपाशी मास्तरीण आणि मोटारीतला दरोडेखोर असा अनुभवाने कळला, त्याला माँतेस्क्यूचे पाठ देऊन काय उपयोग? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

या पोळलेल्या तोंडावर पुतिन यांनी फुंकर घातली. तेलाचे भाव चढत होते. पगार वेळेवर मिळू लागले, दारिद्र्य घटले. ‘तुम्ही राजकारण आमच्यावर सोडा, आम्ही तुमच्या संसारात ढवळाढवळ करणार नाही,’ असा तो अलिखित करार होता. परंतु अनियंत्रित सत्तेशी केलेला करार एकाच बाजूवर बंधनकारक असतो. २०२० साली घटना बदलून २०३६ पर्यंत राज्य करण्याची सोय झाली. २०२१ च्या डिसेंबरात, स्टालिनच्या बळींची नावे गोळा करणारी ‘मेमोरियल’ ही संस्था न्यायालयाच्या हुकमाने बंद करण्यात आली. नोव्हगोरोदची घंटा पुन्हा एकदा उतरविली गेली, असेच म्हणावयाचे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर स्वारी झाली आणि सप्टेंबरात सक्तीच्या लष्करभरतीचा फतवा निघाला. संसारात ढवळाढवळ न करण्याचे वचन देणाऱ्या राज्याने घरातला कर्ता मुलगाच मागितला.

इतिहासाने रशियाला असे घडविले, हे मान्य. पण म्हणून इतिहास म्हणजे दैव नव्हे. याचे उत्तम प्रमाण युक्रेनच आहे. त्याच्या फार मोठ्या भागाने झार भोगला, भूदासत्व भोगले, स्टालिनचा दुष्काळ तर अधिकच भोगला. तरी तेथील मतदारांनी १९९४, २०१० व २०१९ अशा तीन वेळा पदावरील राष्ट्राध्यक्षास मतपेटीतून घरी पाठविले. रशियात पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत कधीच हरलेला नाही. रक्त वेगळे म्हणून हा फरक पडला काय? मुळीच नव्हे. सत्तांतर शांतपणे होऊ शकते हा अनुभव एका समाजाला मिळाला, दुसऱ्याला तो मिळूच दिला गेला नाही.

आम्ही हे लिहितो ते रशियन लोकांस बोधामृत पाजण्यासाठी नव्हे. टॉल्स्टॉय, गॉर्की, चेखॉव्ह यांस मराठीतून वाचत वाढलेल्या आमच्या पिढ्यांस त्या लोकांविषयी जिव्हाळा आहे आणि राहील. पण जिव्हाळा जनतेशी आणि जयजयकार क्रेमलिनचा, असा घोटाळा आम्ही करू नये. शिवाय आमच्याही दिवाणखान्यांतून ‘या देशाला काही वर्षे दंडुकाच हवा’ ही भाषा ऐकू येते. ती बोलणारे उपाशी नसतात. बरेचसे पोटभर जेवलेले असतात. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की दंडुका ‘काही वर्षांच्या’ कराराने येतो आणि शतकांच्या हिशेबाने राहतो. आणि लोकशाहीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही हे ओळखावे, की जे स्वातंत्र्य गरिबाच्या घरी धान्य, न्याय व सुरक्षितता नेत नाही, त्याचे रक्षण करण्यास संकटकाळी गरीब धावून येत नाही.

१४७० च्या सुमारास त्वेर या रशियन नगरीचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी आमच्या चौल बंदरात उतरला आणि जुन्नरास राहिला. आपल्या प्रवासवृत्तान्तात मायभूमीची आठवण काढताना त्याने, तिच्यासारखी भूमी जगात नाही पण तिचे सरदार अन्यायी आहेत, अशी खंत नोंदविली आणि तेथे न्याय नांदो अशी प्रार्थना केली. हे शब्द त्याने रशियन भाषेत न लिहिता परक्या, तुर्की वळणाच्या भाषेत लिहिले. घरी पोहोचण्यापूर्वीच तो वाटेत मरण पावला. आणि १४८५ साली त्याचे त्वेरही मॉस्कोने गिळले. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा एक साधा रशियन माणूस राजाकडे चाबूक मागत नव्हता, न्याय मागत होता. नवाल्नींच्या अंत्यविधीच्या रांगेत उभी राहिलेली माणसे त्याचीच वंशज आहेत. ज्या दिवशी रशियन माणसास आपली प्रार्थना आपल्याच भाषेत, आपल्याच चौकात, निर्भयपणे उच्चारता येईल, त्या दिवशी नोव्हगोरोदची घंटा पुन्हा वाजली असे आम्ही समजू.