दोन हजारांचा दंड

दसरा उलटला की सातपुड्याच्या पाड्यांवरून भरलेल्या पिकअप खाली उतरू लागतात. ताडपत्री, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या, मांडीवर तान्हं पोर. माणसं ऊसतोडीला, कोयत्याला निघालेली असतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्चून गेलेली. कुणाची लग्नात, कुणाची दवाखान्यात. हंगामात ती फिटली नाही, तर पुढच्या वर्षीही तोच मुकादम. मधूनच पळून आलं, तर तो दारात हजर. याला आपल्याकडे मानवी तस्करी कुणी म्हणत नाही. पोटापाण्याला गेले, म्हणतात.

तस्करी म्हटलं की आपल्या नजरेसमोर रेल्वे येते. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. ती पुणे आणि सांगलीच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच शिक्षकांवर दंड संहितेतलं मानवी तस्करीचं कलम ३७० लागलं, चार आठवडे तुरुंगात गेले. मुलं बारा दिवस बालगृहात. मार्च २०२४ मध्ये, गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असं सांगून पोलिसांनीच प्रकरण बंद केलं. कडक कायदा हवा असं मी लिहितो, तेव्हा हा प्रसंग झाकून ठेवणं मला जमणार नाही.

पण मग कडक कुठे व्हायचं? ते ३७० म्हणजे आताच्या न्याय संहितेतलं १४३. अल्पवयीनाची तस्करी केली तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तिथे वाढवायला फारसं उरलेलं नाही. आता १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा उघडा. कर्जापोटी माणूस राबवला तर शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. तेव्हा दोन हजार ही रक्कम होती. आज एका जोडप्याची उचलच लाखाच्या घरात जाते. एवढा दंड मुकादम खिशातल्या सुट्या पैशांतून भरेल. बदल करायचा तो इथे.

दुसरी उणीव सुटकेनंतरची. सोडवलेल्या माणसासाठी पुनर्वसन निधीची तरतूद असलेलं तस्करीविरोधी विधेयक लोकसभेने २६ जुलै २०१८ ला मंजूर केलं. राज्यसभेची पायरी त्याने चढलीच नाही, आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपलं. २०२१ चा नवा मसुदा मसुदाच राहिला. सुटून आलेला माणूस रिकाम्या हाताने पाड्यावर परतला, तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा उचल घेणार, दुसरं काय करणार?

नवा कायदा येईल तेव्हा येवो. १९७६ च्या जुन्याच कायद्याने प्रत्येक उपविभागात दक्षता समिती बसवायला सांगितलं आहे; वेठबिगार शोधायचे, सुटलेल्यांचं पुनर्वसन बघायचं, हे तिचं काम. आपल्या यावल तालुक्याचा उपविभाग फैजपूर. पुढच्या वेळी सातबाऱ्याच्या कामासाठी प्रांत कार्यालयात गेलात, तर ही समिती शेवटची कधी बसली होती, तेवढं विचारून या.