यंत्राने सांगितलं तरच ऐकायचं का?

"काही नाही गं, गॅस झालाय. जरा ओवा खाते, की बरं वाटेल." छाती भरून आली, जबडा दुखायला लागला, पाठ धरली, की घरोघरी बाई हेच म्हणते. आणि उपचारांचे मोलाचे तास निघून जातात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये 'एंजेलमेड गार्डियन' या उपकरणाला मान्यता दिली. पेसमेकरसारखंच ते छातीत कातडीखाली बसवतात. त्याची वायर हृदयाच्या उजव्या कप्प्यात असते. हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा घटला, की ईसीजीचा आलेख बदलतो. कधी दुखायच्या आधीच, तर मधुमेह असेल तर कधी अजिबात न दुखता! हा बदल हेरून उपकरण छातीत थरथरतं आणि जवळ ठेवलेलं छोटं यंत्र बीप-बीप करतं. म्हणजे, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

अर्थात, हे सगळ्यांसाठी नाही. आधी त्रास होऊन गेलेल्या आणि पुन्हा झटक्याचा मोठा धोका असलेल्या रुग्णांसाठीच ते आहे. ९०७ रुग्णांवरच्या चाचणीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्टही सिद्ध झालं नव्हतं, हेही सांगायला हवं.

मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. हे यंत्र आजच्या आलेखाची तुलना त्याच माणसाच्या कालच्या आलेखाशी करतं. हे तर आपल्यालाही जमेल! बायकांनाही छातीत दुखतंच. पण जोडीला दम लागणं, मळमळ, जबडा-पाठदुखी, विलक्षण थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. परवापर्यंत सहज चढत होतात तो जिना आज दोनदा थांबून चढलात, तर तो इशाराच समजा.

पण इशारा मिळूनही 'पाहुणे जाऊ देत', 'उगाच खर्च कशाला' म्हणत बसलो, तर यंत्र तरी काय करणार? आणि घरच्यांनाही विचारावंसं वाटतं, यंत्राच्या बीपवर धावाल, मग तिच्या 'मला बरं वाटत नाहीये' या शब्दांवर का नाही?

मैत्रिणींनो, अशा वेळी १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. पहिला नॉर्मल आला आणि त्रास थांबला नाही, तर डॉक्टरांना पुन्हा ठासून सांगा. गॅसच निघाला, तर उत्तमच. घरी येऊन खुशाल ओवा खा!