अदृश्य पुड्यांचा हिशेब

पापणी उचलणे ही आपणांस किती क्षुल्लक गोष्ट वाटते! परंतु मज्जातंतूची आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचावयाची, तर वाटेत एक फट लागते. तिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतकी. ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य ती फट ओलांडते, तेव्हा कोठे स्नायू हलतो.

हे द्रव्य धारेने सुटते की पुड्यांनी? १९५२ साली पॉल फॅट व बर्नार्ड काट्झ यांनी, आज्ञा नसतानाही बेडकाच्या स्नायूत विजेची सूक्ष्म स्पंदने अधूनमधून उमटतात, असे दाखविले. पुढे १९५४ साली डेल कॅस्टिल्यो व काट्झ यांनी अनुमान मांडले की, एकेक स्पंदन म्हणजे द्रव्याची एकेक पुडी. आज्ञेसरशी अशाच पुष्कळ पुड्या एकदम सुटतात.

पुडी मोजावयाची कशी? येथे गणित साह्यास आले. १९५६ साली बॉइड व मार्टिन यांनी मांजराच्या स्नायूभोवती मॅग्नेशियम वाढवून सुटणाऱ्या पुड्या अगदी थोड्या केल्या. एका पुडीचे स्पंदन सरासरी ०.४ मिलिव्होल्ट भरले, तर एका आज्ञेचे ०.९३३, म्हणजे दर आज्ञेस सरासरी २.३३ पुड्या. सरासरी इतकी असता एकही पुडी न सुटण्याचे प्रसंग किती येतील, हे पॉयसाँच्या सूत्रावरून काढता येते. १९८ आज्ञांपैकी १९ वाया जातील, असे गणिताने सांगितले; प्रत्यक्षात १८ गेल्या!

हाच हिशेब पुढे रुग्णांच्या कामी आला. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकारात पापण्या गळतात, श्रमाने स्नायू दुबळे होतात व विसाव्याने त्यांस पुन्हा बळ येते. १९६४ साली रुग्णांच्या स्नायूंत एकेका पुडीचे स्पंदन लहान भरले, तेव्हा पुडीतच द्रव्य कमी असावे असा तर्क झाला. १९७३ साली खरा उलगडा झाला. पुडी झेलणारी पलीकडची ग्रहणस्थानेच घटलेली होती. शरीराचीच संरक्षक द्रव्ये बहुधा त्यांवर उलटतात.

या विकारावर आज उपचार आहेत. म्हणून, वाचकहो, घरातील एखादे माणूस सकाळी धडधाकट दिसले, पण दिवस कलताच त्याच्या पापण्या मिटू लागल्या वा शब्द जड झाले, तर त्याला आळशी म्हणून हिणवू नका; डॉक्टरांस दाखवा. घास गिळवेना वा श्वास अपुरा पडू लागला, तर तत्क्षणी रुग्णालय गाठा.