गिटार घरी जोडताना

गिटार घरी तयार होते असे आम्ही सांगतो, तेव्हा पुष्कळांना ती थट्टा वाटते. परंतु जोडणीचा तयार संच मिळतो. त्यात बाजूच्या पट्ट्या वाकवून, मान कोरून आणि पडद्यांच्या खाचा पाडून दिलेल्या असतात. वरची फळी बहुधा थंड प्रदेशातील स्प्रूसची असते; पाठ व बाजू पुष्कळदा आपल्याच दक्षिणेतील शिसवाच्या असतात. मग घरी उरते काय? मोजणे, चिकटवणे आणि थांबणे. खरे काम तेच!

पोलादी सहा तारा सुरात लावल्या की वाद्यावर सुमारे ७० किलोंचा ताण येतो. वरची फळी मात्र जेमतेम ३ मिलिमीटर. फळी जाड ठेवली तर आवाज दबतो, पातळ केली तर ती खचते. ही अडचण आतल्या फुलीच्या आकाराच्या आधारपट्ट्या सोडवतात. १८३३ मध्ये जर्मनीतून अमेरिकेत गेलेले ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांच्या गिटारींत ही फुली १८४० च्या दशकात आली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे पोलादी तारांनाही तीच फुली उपयोगी पडली. म्हणून या पट्ट्या चिकटवताना घाई नको. रात्री शिकंजे आवळावेत, ते सकाळीच सोडावेत.

दुसरी गोष्ट हवेची. लाकूड ओलावा पिते आणि आडवे फुगते. जुलैत मुंबईच्या दमट हवेत पेटी बंद केली आणि मे महिन्यात तीच गिटार नागपूरला नेली, तर फळी आकसू पाहते, आतल्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, आणि ती तडकते. हवेतील आर्द्रता ४० ते ५० टक्के असताना पेटी बंद करणे उत्तम. ती मोजण्याचे छोटे यंत्र घरात असावे. एवढ्या महागाच्या संचातील फळी तडकली, तर तशी दुसरी गल्लीतल्या वखारीत मिळत नाही.

तिसरी गोष्ट घोडीची, म्हणजे ब्रिजची. बारावा पडदा तारेच्या हिशेबी लांबीच्या बरोबर मध्यावर येतो. ती लांबी ६४५ मिलिमीटर असेल तर तो ३२२.५ वर. पण तार दाबली की ताणली जाते व सूर चढतो. म्हणून घोडीवरील हाडाची पट्टी २-३ मिलिमीटर मागे, जाड तारांकडे किंचित अधिक मागे, अशी तिरकी बसवतात. घोडी उघड्या लाकडावर चिकटवावी. खाली पॉलिश राहिले तर ती एक दिवस उखडून येते.

हे काम मुलांइतकेच मुलींच्याही हाती द्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. रंधा आणि पटाशी धरायला शिकलेला हात पुढे कुठल्याच कामाला बिचकत नाही. संच पावसाळ्यात आला तरी हरकत नाही. तोवर मान घासून गुळगुळीत करावी, घोडीची मापे कागदावर आखून ठेवावीत. पेटी मात्र दिवाळीनंतरच बंद करावी.