भराव झाला, आता मोजा

इंदूरकडे घर बांधणारी आपली तरुण मंडळी हल्ली पाण्यासाठी फायबरची तयार टाकी जमिनीत बसवतात आणि खड्डा बुजला की काम संपलं असं समजतात. माझा आग्रह असतो, फरशी घालण्याआधी एकदा तपासा.

माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. टाकीभोवती ती नको. वाळू घाला, थराथराने दाबा आणि भराव चढेल तसं आत पाणीही चढवा. नाहीतर टाकी चेपते.

भरावाआधी टाकीच्या तोंडातून काठी सोडून आतली उंची लिहून ठेवा, नंतर पुन्हा मोजा. फरक कंपनीच्या मर्यादेबाहेर गेला तर भराव उकरा. मग टाकी भरून पातळीवर खूण करा आणि २४ तासांनी पाहा. मोजायला कुणालाही आत उतरवू नका.

५,००० लिटरची रिकामी टाकी पाण्याने भरलेल्या जमिनीत सुमारे ५ टन जोराने वर ढकलली जाते. म्हणून ती खालच्या काँक्रीटला पट्ट्यांनी बांधून घ्या आणि पावसाळ्यात पूर्ण रिकामी करू नका.

फरशी बसली की यातलं काहीच दिसत नाही.